‘प्रेषित’ शब्दाची दोन घरे

मराठीत ‘प्रेषित’ हा शब्द दोन घरी नांदतो. बायबलच्या मराठी भाषांतरात ‘प्रेषितांची कृत्ये’ नावाचे एक पुस्तक आहे, आणि डॉ. जयंत नारळीकरांच्या एका विज्ञानकादंबरीचे नावही ‘प्रेषित’च. परग्रहावरून पृथ्वीवर आलेल्या मुलाची ती कथा. तीत नारळीकरांना ख्रिस्ती अर्थ अभिप्रेत होता, असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. परंतु दूरवरून पाठविलेला, परका, तरी आपल्यांत वाढलेला मुलगा म्हटला की तो शब्द आपले जुने घर सहसा विसरत नाही.

हा विचार आमच्या डोक्यात आला तो एका इंग्रजी पुस्तकामुळे. दिल्लीच्या ज्या द्वारकेत आम्ही राहतो, तेथे समुद्रही नाही आणि सुवर्णाचे प्रासादही नाहीत. शेजार मात्र चांगला आहे. शेजारच्या मल्याळी ख्रिस्ती कुटुंबातील मुलीने आमच्या भाचीस मॅडलिन लेंगल यांची ‘अ रिंकल इन टाइम’ ही १९६२ सालची कादंबरी वाचावयास दिली. भाची तेरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील गेले. तेव्हापासून ताई आणि ती आमच्याकडेच असतात. मातोश्रींनी पुस्तक उघडूनही पाहिले नाही. ते कोणत्या घरून आले एवढे त्यांना पुरले. “अरे, पोरीला काय वाचायला देतात ते बघ तरी,” असा हुकूम सुटला, आणि राजीव चौकात गाडी बदलून कचेरीस जाता-येता आम्ही ते वाचून काढले.

मेग नावाची मुलगी बेपत्ता झालेल्या शास्त्रज्ञ वडिलांच्या शोधार्थ निघते आणि, कापडाला चुणी पाडून दोन टोके जवळ आणावीत तसे अंतर ओलांडून, कॅमाझॉट्स नामक ग्रहावर पोहोचते. तेथील मुले एकाच तालात चेंडू आपटतात, कारण एक भलामोठा मेंदू सर्वांच्या वतीने विचार करतो. (सरकारी कारकुनास हा ग्रह अगदीच अनोळखी वाटत नाही.) वडील सुटतात, पण धाकटा भाऊ त्या मेंदूच्या तावडीत राहतो आणि वडिलांना त्याला सोडविता येत नाही. मेगला त्यांचा विलक्षण राग येतो. अखेर तीच एकटी परत जाते. तिच्यापाशी शस्त्र नाही, गणित नाही. भावावरील माया तेवढी आहे.

यात धर्म कोठे आहे? अंधाराशी झुंजलेल्यांची नावे निघतात तेव्हा आरंभी येशूचे नाव येते. पण त्याच रांगेत पुढे आइन्स्टाइन, गांधी आणि बुद्धही आहेत. अमेरिकेतील काही कर्मठ ख्रिस्ती मंडळींना नेमकी ही रांगच खटकली. तिकडे त्यांना पुस्तक पुरेसे ख्रिस्ती वाटेना आणि इकडे आमच्या मातोश्रींना ते फार ख्रिस्ती असल्याचे भय! आम्हांस तर यात बाटविण्याजोगे काही आढळले नाही.

चुटपुट लागली ती निराळीच. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत आणली. भा. रा. भागवतांनी मराठी मुलांना ज्यूल व्हर्नची गोडी लाविली. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते आणि त्यापुढील, २०२१ च्या नाशिक संमेलनाचे नारळीकर. एकाच आसनावर पाठोपाठ ही दोन माणसे बसली. पण या दोन्ही वाटा जेथे मिळतात असे कुमारांसाठीचे मराठी पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. दिब्रिटो २०२४ मध्ये गेले, नारळीकर २०२५ मध्ये. भाचीस आम्ही द्यावे तरी काय?

तूर्त तिनेच उपाय काढला आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर ती आजीला ती गोष्ट मराठीतून सांगते. शास्त्रीय शब्द अडला की ओढणीला चुणी घालून दाखविते. परवा गोष्ट वडिलांपर्यंत आली.

“बापाला नाही आणता आलं त्याला?” मातोश्रींनी विचारले.

“नाही.”

“मग गं?”

“मग तिलाच जावं लागलं, आजी,” भाची म्हणाली आणि ओढणीची चुणी सोडून ती नीट घडी घालू लागली.