चोवीस घोडे आणि माझी सही

बोरिवलीच्या माणसाने ट्रॅक्टरविषयी लिहावे हे तसे विनोदीच. आमच्या सोसायटीत स्कूटर उभी करायला जागा नाही. गॅलरीतल्या चार कुंड्या हीच काय ती माझी शेती, आणि तिचे पाणी खालच्या मजल्यावर ठिबकते म्हणून सेक्रेटरींशी माझा दोनदा पत्रव्यवहार झालेला आहे. कॉलेजात मी मराठी शिकवतो. नांगर, मोट, पाभर हे शब्द कवितेत आले की खडूने फळ्यावर त्यांची चित्रे काढतो, आणि मुले ती मोबाइलमध्ये टिपून घेतात. एवढाच माझा कृषिसंबंध. पण निफाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित साडेचार एकर जमीन आहे, तिच्यातल्या तीन एकरांवर दादाची द्राक्षबाग आहे, आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर दादाच्या नावाखाली माझेही नाव आहे. ते नाव इतकी वर्षे तिथे निमूटपणे बसून होते. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याला एकाएकी भाव आला.

दादाचा फोन म्हणजे तार असते. “ट्रॅक्टर घ्यायचाय. लहान. बँक जमीन तारण मागते. तुझी सही लागेल. ये.”

सौ.ने शांतपणे विचारले, “आणि हप्ते थकले तर?” आमच्या फ्लॅटचे कर्ज अजून सात वर्षे चालायचे आहे, मुलगी बारावीला आहे. प्रश्न अगदी रास्त होता. त्याला उत्तर नव्हते म्हणून मी शनिवारी सकाळी कसाऱ्याचा घाट चढलो.

मी मनाशी हिशेब करून गेलो होतो. तीन एकर बागेला ट्रॅक्टर कशाला? भाड्याने मिळतो की! महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरांवर आली. जमीन वाटणीवाटणीने आक्रसत गेली आणि त्यावर प्रत्येकाने आपापले यंत्र घ्यायचे, हे गणित मला पटत नव्हते. मी ते आकड्यांसकट मांडले. दादाने सगळे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, “छाटणीनंतर पाऊस पडला की डावणी येते. फवारा त्याच दिवशी गेला पाहिजे. त्या दिवशी गावातल्या सगळ्यांनाच ट्रॅक्टर लागतो. भाड्याचा आपल्याकडे येईस्तोवर दोन दिवस जातात. घड गेला की वर्ष गेलं.”

यावर प्राध्यापकाने काय बोलावे?

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “भाऊजी, यांची पाठ बघता ना तुम्ही?” पाठीवर पंप घेऊन दादाने किती पावसाळे काढले ते मला ठाऊक आहे. आणि न बोललेले तिसरे कारण दारात उभे होते. पुतण्या पदवीधर झालेला, पुण्यातल्या एका गोदामातल्या नोकरीचे पत्र खिशात घेऊन फिरणारा. “ट्रॅक्टर आला तर थांबतो,” असे तो आईला म्हणाला होता. बापाला म्हणाला नव्हता.

मग सुरू झाली वधूसंशोधनाची मोहीम. मोहीम कसली, सोयरिकीच! एकेका घराण्याची माहिती काढू लागलो तो कोण कोणाचे हे कळेना. कांदिवलीला आकुर्ली रस्त्यावर महिंद्रांचा कारखाना आहे. माझी लोकल रोज त्या बाजूने जाते. अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीशी भागीदारी करून १९६३ साली तेथे ट्रॅक्टरचा उद्योग उभा राहिला आणि १९६५ पासून ‘बी-२७५’ बाहेर पडू लागला. (आमचे एक सहकारी त्या २७५ ला घोडे समजले. ते पस्तिसाच्या आसपासच होते.) पण उपनगरात ट्रॅक्टर घडतो आणि उपनगरातला माणूस तो फक्त हमरस्त्यावर, ट्रेलरवर बांधलेला, पाठमोरा पाहतो. दुसरे नाव स्वराज. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधनसंस्थेत आपल्याच अभियंत्यांनी आखला, पंजाबात १९७४ पासून तो बनू लागला. आणि २००७ साली तेही घर महिंद्रांकडे आले. म्हणजे या दोघांत भांडण लावून भाव पाडायचा, तर पैसे शेवटी एकाच तिजोरीत! आयशर २००५ मध्ये टाफेकडे गेला. एस्कॉर्ट्सच्या पाटीवर २०२२ पासून जपानच्या कुबोटाचे नाव आहे. बंगळूरच्या व्हीएसटीने मित्सुबिशीकडून विद्या घेतली. आमच्या आत्याबाई असत्या तर त्यांनी हे सारे गोतावळे तोंडपाठ केले असते.

नावांचेही मला कौतुक वाटले. युवराज, जिवो, ओजा. ओजा म्हणे संस्कृत ‘ओजस्’वरून, २०२३ साली हे बारसे झाले. मी पुतण्याला व्युत्पत्ती सांगू लागलो, तेव्हा दादा म्हणाला, “नाव काय चाटायचंय? दोन ओळींतून जाईल का ते बघ.”

खरी मेख तिथेच होती. द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ-दहा फुटांचे अंतर, त्यात दोन्हीकडून मांडवाचे डांब, तारा आणि वेलीचे हात आत आलेले. मोठा ट्रॅक्टर तिथे शिरला तर माल खरचटतो. म्हणून अरुंद चाकांचा आणि थोडक्या जागेत वळणारा हवा. पण लहान म्हणजे किती लहान? जेम्स वॅटने वाफेचे यंत्र विकण्यासाठी घोड्याचे माप काढले. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. बैलजोडीची ताकदही ढोबळमानाने तेवढीच धरतात. म्हणजे चोवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेणे म्हणजे चोवीस बैलजोड्या नऊ फुटांच्या बोळात उभ्या करणे. परंतु हे चोवीस इंजिनाजवळचे. मागच्या शाफ्टला, ज्याला शेतकरी पीटीओ म्हणतात, पोचेपर्यंत त्यांतले काही घोडे वाटेतच बसतात; आणि फवारणीचा ब्लोअर चालतो तो त्या शाफ्टवर. त्यात पाचशे-सहाशे लिटरची भरलेली टाकी मागे ओढायची, तीही पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत. तिथे चारही चाकांना जोर असला तरच निभाव लागतो. हे सगळे मला दादाने सांगितले, आणि तो बारावीच्या पुढे शिकलेला नाही.

आम्ही पिंपळगाव बसवंतला गेलो. पहिली शोरूम काचेची, गार, गुळगुळीत. चहा कपबशीतून आला. विक्रेता तरुण ‘सर’ म्हणून माझ्याशीच बोलत होता. माझ्या चष्म्यावरून मीच मालक असे त्याने ठरवले असावे. कर्ज, विमा, पासिंग सगळे एका कागदावर, वर दसऱ्याला चांदीचे नाणे. दादाने कशालाच हात लावला नाही. “संडास कुठाय?” म्हणून तो जो मागे गेला, तो वीस मिनिटांनी परतला. बाहेर आल्यावर म्हणाला, “मागं वर्कशॉपात चार ट्रॅक्टर उभे आहेत. एकाच्या चाकाला वेल चढलाय. पार्ट यायचाय म्हणे.”

दुसऱ्या दुकानाची पाटी उन्हाने विटलेली. दोनच ट्रॅक्टर मांडलेले आणि मालक स्वतः ग्रीसच्या हातांनी जेवायला बसलेला. इथे वहिनींनी तोंड उघडले. “मिस्त्री रविवारी येतो का?” मालक हसला आणि कोपऱ्यात मोटारसायकलवर पेटी बांधत असलेल्या माणसाला त्याने हाक मारली. वहिनींनी त्या माणसाला त्याचे गाव विचारले, मग त्याच्या मोबाइलचा नंबर. नंतर त्यांनी तो नंबर लावून पाहिला. पेटीत फोन वाजला. मी आयुष्यात पुष्कळ मुलाखती पाहिल्या, काही घेतल्याही. इतकी चोख पाहिली नाही. दादाने फिल्टरचा आणि क्लचप्लेटचा भाव विचारला, फळीवर ते आहेत का हे डोळ्यांनी पाहिले, आणि गावातल्या कोणी-कोणी इथून नेला त्यांची नावे घेऊन आम्ही परतलो. संध्याकाळी तिघांकडे जाऊन आलो. तिघांनीही ट्रॅक्टरला एकदोन शिव्या दिल्या; मिस्त्रीला मात्र कोणी दिली नाही.

कोणता घेतला ते सांगत नाही. संपादक मला जाहिरातीचे बिल पाठवायचे. अनुदानाचा अर्ज ऑनलाइन पुतण्याने भरला. पूर्वसंमतीचे पत्र हाती येण्याआधी खरेदी केली तर अनुदान नाही, हे त्याला पाठ होते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, म्हणून आम्ही तोवर दम धरला.

सही मात्र त्याआधीच करायची होती. बँकेत साहेबांनी कागद पुढे सरकवले. एकूण अकरा ठिकाणी. सातव्या सहीला मी थांबलो. दादा खिडकीबाहेर पाहत होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. वाटणी करून मोकळा हो, असे तो मला कधी म्हणाला नव्हता, आणि मीही त्याला. पुतण्या उभा होता. त्याला मी विचारले, “पुण्याचं काय केलंस?” तो म्हणाला, “काका, त्यांना कळवलं, येत नाही म्हणून.” दादाने तेव्हा मान वळवली. त्याला हे तिथेच, बँकेत, माझ्यादेखत कळले. मी उरलेल्या सह्या केल्या. घरी आल्यावर सौ.ला सगळे सांगितले. ती एवढेच म्हणाली, “कागदांच्या झेरॉक्स आणल्यात ना?” आणल्या होत्या.

ट्रॅक्टर दसऱ्याला आला. २०२५ च्या पावसाने द्राक्षबागांना फार छळले, त्यामुळे त्याला उसंत अशी मिळालीच नाही. मिस्त्रीला त्या हंगामात दोनदा बोलवावे लागले. एकदा रविवारीच, पण दोष ट्रॅक्टरचा नव्हता, ब्लोअरचा पट्टा तुटला होता. बैलजोडी अजून गोठ्यात आहे. दादा म्हणतो, उरलेल्या दीड एकराला लागते. वहिनी म्हणतात, त्यांना विकवत नाही. हप्ता सहामाही आहे. पहिला मार्चअखेर, माल गेल्यावर. त्यातला चौथा हिस्सा मी पाठवतो. तो दादाने मागितलेला नाही आणि परतही केलेला नाही.