जुने पेन, नवी पिशवी

स्वाध्याय लिहिताना तुमच्या हाती बहुधा बॉलपेन असेल. त्याची रिफिल संपली की आपण ती बदलतो किंवा पेनच टाकून देतो. शाईच्या पेनाचे तसे नाही. ते बिघडले तर उघडून पाहावे लागते.

माझे वडील नेवासे तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. हजेरीपट आणि घरखर्चाची वही ते एकाच पेनाने लिहीत. त्यांच्या पश्चात ते पेन अनेक वर्षे कपाटात पडून होते. अलीकडे अहिल्यानगरच्या घरी मी ते दुरुस्तीसाठी काढले.

अशा पेनाची रचना साधी असते. आत रबराची पिशवी, तिच्यालगत धातूची पट्टी आणि बाहेरून उचलता येणारी लहानशी तरफ. तरफ उचलली की पट्टी पिशवीला दाबते आणि हवा बाहेर जाते. निब शाईत बुडवून तरफ सोडली की पिशवी पूर्ववत फुगू लागते. ‘पेन शाई ओढते’ असे आपण म्हणतो. वस्तुतः बाहेरच्या हवेचा दाब दौतीतील शाई आत ढकलत असतो. रबराचा लवचीकपणा गेला की ही सारी क्रिया थांबते.

निबाकडील भागाला केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब दिली. सांध्यावरची लाख मऊ झाली आणि तो भाग अलगद सुटला. आतील पिशवी काचेसारखी ठिसूळ झाली होती. तिच्या तुकड्यांवर निळ्या शाईची खपली होती. वडिलांनी भरलेली ती शेवटची शाई. हे असेच राहू द्यावे, असे क्षणभर वाटले. परंतु ती पिशवी जपली असती, तर पेन कधीच लिहिते झाले नसते. मी ते तुकडे खरवडून काढले. नवी पिशवी मापाने कापली, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेने बसवली आणि रात्रभर वाळू दिली. मग तिच्यावर शंखजिऱ्याची पूड चोळून पेन जोडले आणि प्रथम साध्या पाण्याने भरून पाहिले.

भाषाही अशीच टिकते. ‘शाई’ हा शब्द फारसी ‘सियाही’वरून आला, त्याचा मूळ अर्थ काळेपणा. ‘तेल’ हे मुळात केवळ तिळाचे. आज आपण ‘निळी शाई’ आणि ‘खोबऱ्याचे तेल’ सहज म्हणतो, त्यात कोणाला विसंगती जाणवत नाही. भाषाविज्ञानात याला अर्थविस्तार म्हणतात. मूळ अर्थाचाच आग्रह धरला असता, तर हे शब्द कोशात उरले असते, बोलण्यात नव्हे. नेवासे येथे 1290 मध्ये सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीतील कितीतरी रूपे व प्रत्यय आज बदलले आहेत. तरीही त्या भाषेला आपण आपली मराठीच म्हणतो.

म्हणून अर्थपरिवर्तनाचा घटक अभ्यासताना बदलाला भ्रष्टता म्हणण्याची घाई करू नका. घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातला एखादा शब्द निवडा. त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ आणि तुमच्या मुलांना कळणारा अर्थ शेजारी शेजारी लिहा. त्यातून काय गळून पडले, याची हळहळ वाटेल. ती स्वाभाविक आहे. मात्र त्या शब्दाने आज कोणते काम होते, हेही अवश्य नोंदवा.