उस्तादांचा कान

धुळे-सोलापूर महामार्ग पूर्वी मराठवाड्यातल्या गेवराई गावातून जायचा. चौपदरीकरण झालं, बायपास निघाला आणि ट्रकांची रांग गावाबाहेरून वळली. जुन्या रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलात आता एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. संध्याकाळी तिथे काही माणसं एकाच मोबाइलवर वाकून बसलेली असतात. निवृत्त एसटी ड्रायव्हर, तलवाड्याकडून दूध आणणारे एक मामा, शाळेतले गुरुजी आणि मी. पडद्यावर कुणीतरी जुनी मोटरसायकल पुन्हा उभी करत असतो.

हे व्हिडिओ बहुतेक सारख्याच वाटेने जातात. गाडी कुठल्यातरी गोठ्यामागून, गवतातून ओढून काढलेली असते. टाकीला भोकं पडलेली, चेन गंजून आखडलेली, सीटच्या जागी नुसत्या स्प्रिंगा. माणूस बोलत नाही, फक्त त्याचे हात दिसतात. नट सुटतात, इंजिन उतरतं, अडकलेला पिस्टन लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू बाहेर येतो. मग घासणं, क्रोम, रंग, नवी रबरं. आणि शेवटी किक.

आमची मंडळी ते गुपचूप बघत नाहीत. ‘‘अरं, हातोडी कशाला मारायलास? फिन तुटंल ना!’’ ड्रायव्हरकाका पडद्यालाच सुनावतात. दूधवाले मामा रंगावर अडतात. राजदूतची टाकी कंपनीतून इतकी चकचकीत कधी निघालीच नव्हती, असं त्यांचं ठाम मत. गुरुजींचं लक्ष इग्निशन पॉइंटच्या गॅपवर. पण किकची वेळ आली की सगळे गप्प होतात. पहिली किक रिकामी जाते. दुसरी फुसकते. मग सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो, इंजिन धडधडायला लागतं आणि मामा डोळे मिटून म्हणतात, ‘‘वास आला बघा.’’ जळक्या टू-टी ऑइलचा तो वास मोबाइलमधून येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी आम्हा प्रत्येकाला तो येतो.

आमच्या भागात मोटरसायकल म्हणजे राजदूत. बुलेट एखाद्या वाड्यासमोर उभी दिसायची. म्हैसूरच्या आयडियल जावाची जावा आणि पुढे 1973पासून तिचीच येझदी, याही होत्या, पण मोजक्या. राजदूत मात्र दूधवाल्याची, ग्रामसेवकाची, कापसाच्या व्यापाऱ्याची, सगळ्यांची. एस्कॉर्ट्स कंपनीने ती 1962मध्ये काढायला सुरुवात केली, तीही पोलंडमधल्या किएल्त्से शहरात बनणाऱ्या ‘एसएचएल एम 11’ या गाडीवरून. टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, दणकट सांगाडा. ‘बॉबी’ चित्रपटामुळे तिची छोटी बहीण गाजली, जाहिरातीत धर्मेंद्र झळकला. पण उमापूर, चकलांबा, राक्षसभुवनच्या वाटांवर तिला कुणी चित्रपटासाठी घेतलं नव्हतं. पावसाळ्यात गोदाकाठची काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसायची. काडीने ती खरवडायची आणि पुढे निघायचं. ते सोसणारी गाडी म्हणून तिला घेतलं होतं.

आमच्या अण्णांकडे अशीच एक काळी राजदूत होती. अण्णा गुरांचे डॉक्टर. रात्री-अपरात्री कुणाची गाय अडायची, कुणाचा बैल फुगायचा, आणि माणूस दारात येऊन उभा राहायचा. अण्णा बॅग मागे बांधत, पेट्रोलचा कॉक उघडत आणि किक मारत. सहा व्होल्टचा तो दिवा गाडी हळू झाली की पिवळा पडायचा आणि रेस केली की उजळायचा. वस्तीवरची माणसं दिवा दिसण्याआधी आवाज ओळखत. ‘डॉक्टर आले’ म्हणत आणि कंदील घेऊन बांधापर्यंत येत. अण्णा परत येईपर्यंत आई जागी असायची. तिलाही घड्याळ लागत नसे. गाडीचा आवाज वेशीत शिरला की ती चुलीवर पाणी ठेवायला उठायची.

त्या गाडीचे डॉक्टर दुसरे होते. गाव त्यांना उस्ताद म्हणायचं, आम्ही मुलं चाचा. पत्र्याचं शेड, जमिनीत मुरलेलं ऑइल, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने. चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. कंपनीचं मॅन्युअल त्यांनी कधी पाहिलं असेल असं वाटत नाही. गाडी आली की ते आधी हात लावत नसत. ‘चालू करा’ म्हणत आणि मान तिरपी करून उभे राहत. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवत आणि मूठ कानाशी धरत. बेअरिंग वाजतंय, की पिस्टन सैल होऊन सिलिंडरला आपटतोय, की नुसती चेन ढिली आहे, हे त्यांना त्या सळईतून कळायचं. ‘‘डॉक्टरसाब, आवाज कोरडा यायलाय. तेल कमी पडायलंय तिला,’’ ते सांगायचे आणि ते खरं निघायचं.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. तेच तेल आतल्या भागांना ओलावा देतं. ते कमी पडलं की पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. जास्त झालं की प्लग काळा पडतो, सायलेन्सर काजळीने बुजतो. मग चाचा सायलेन्सर उतरवून आतली काजळी जाळून काढायचे. पॉइंट पॉलिश पेपरने साफ करायचे, गॅप दाढीच्या ब्लेडने बघायचे. पिस्टन फारच सैल झाला की सिलिंडर लेथवर बोअर करून आणायचे आणि एक माप मोठा पिस्टन बसवायचे. हे सगळं पुस्तकात सापडेल. कोरडा आवाज म्हणजे नेमका कसा, हे सापडणार नाही.

अण्णा आणि चाचा यांची दोस्ती त्या कानावरच जमली असावी. अण्णा गाईच्या डाव्या भकाळीला कान लावून पोट हलतंय की थांबलंय ते ऐकायचे. ज्याला स्वतःचं दुखणं सांगता येत नाही, त्याचं ऐकून घ्यायचं, हाच दोघांचा धंदा. चाचांच्या शेडमध्ये चहा घेत दोघं बराच वेळ न बोलता बसत. मला तेव्हा त्यांचं ते बसणं कंटाळवाणं वाटायचं. आता वाटतं, त्या दोघांइतकी लक्ष देऊन ऐकणारी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

1985मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली. चार स्ट्रोकचं इंजिन, पेट्रोलमध्ये तेल घालायची कटकट नाही, धूर नाही, एका लिटरमध्ये लांबचा पल्ला. त्याच वर्षी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि आमच्याकडची पोरं तिकडे कामाला जाऊ लागली. म्हैसूरचा येझदीचा कारखाना 1996मध्ये बंद पडला. आरएक्स 100 ही टू-स्ट्रोक गाडी निघायची थांबली तीही त्याच वर्षी. हे होणारच होतं, आणि धुराचा विचार केला तर व्हायलाच हवं होतं. शेतकऱ्याच्या खिशाला नवी गाडी परवडली, हेही खरं. त्यात कुणाचा दोष मी शोधत नाही.

अण्णा गेल्यानंतर राजदूत लिंबाखाली उभी राहिली. आईने ती विकू दिली नाही. पुढे आईही गेली आणि जुनं घर उतरवताना गाडी किलोच्या भावाने भंगारात गेली. त्यानंतर चाचाही गेले. त्यांचा मुलगा वाळूजला कंपनीत लागलेला. शेडच्या जागी आता मोबाइलच्या रिचार्जचं दुकान आहे. गाडी गेल्याचं दुःख मला झालं, पण ते कमी होत गेलं. चाचा गेल्याचं दुःख मात्र वाढत गेलं आहे. कारण पोकळी कुठे पडली आहे, हे दर वर्षी थोडं अधिक कळतं.

म्हणून हे व्हिडिओ बघताना मला आनंद होतो आणि घशात काही अडकतंही. लोखंड परत उभं राहतं. पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत शोधलं तर सुटे भाग मिळतात, न मिळालेले लेथवर बनवता येतात. सरकारने 2021मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये. गेवराईतल्या किती जणांना ते झेपेल हा प्रश्न वेगळा, पण निदान जुन्या गाडीला वारसा म्हणून कागदावर जागा मिळाली. जावाचं नाव 2018मध्ये नव्या गाडीवर परत आलं, येझदीचं 2022मध्ये. नवी इंजिनं चार स्ट्रोकची आहेत, चांगली आहेत. गाडीला परत यायला असे अनेक रस्ते आहेत.

उस्तादाच्या कानाला एकही नाही. गाडी चाळीस वर्षं गोठ्यात पडून राहिली तरी वाट बघते, माणूस बघत नाही. आणि जुनी गाडी उभी करायची तर शेवटी तोच कान लागतो. सगळे भाग नवे घातले, रंग केला, तरी इंजिन आतून नीट चालतंय की नाही हे ऐकणारं कुणीतरी हवं. दूधवाले मामांच्या राजदूतला आज पॉइंट बसवायचे तर गावात कुणी नाही. ज्यांना येतं त्यांचे हात थरथरतात, ज्यांचे हात स्थिर आहेत त्यांनी पॉइंट पाहिलेलाच नाही.

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी असा एखादा मिस्त्री अजून असेल. सत्तरी ओलांडलेला, दुकान बंद केलेला, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकणारा. तुम्हाला जुन्या गाड्यांची आवड असेल तर गाडी शोधायच्या आधी त्याला शोधा. एखादी चालू राजदूत किंवा येझदी त्याच्या दारात न्या. मोबाइल समोर ठेवा आणि त्याला बोलू द्या. तो कुणाकडे शिकला, त्याच्या उस्तादाचं नाव काय, कोणत्या आवाजावर त्याने कोणतं दुखणं ओळखलं, हे त्याच्या तोंडून आणि इंजिनाच्या आवाजासकट टिपून घ्या. जमलं तर गावातल्या एखाद्या आयटीआयच्या पोराला सोबत न्या आणि स्क्रू-ड्रायव्हरची ती सळई त्याच्याही हातात देऊन त्याला ऐकायला लावा. गाडी पुढच्या वर्षीही मिळेल. मिस्त्रीकडे याच महिन्यात जा.