पनवेलची पहाट आणि अडून बसलेली मालमोटार

मुंबईहून पुण्यास निघालेल्या प्रवाशास बोरघाटाच्या अलीकडे पनवेल लागतें. गाढी नदीच्या कांठच्या या गांवाचा गाड्यांशीं संबंध आजकालचा नव्हे. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला, आणि त्या शतकांत पनवेलचीं बैलगाडीचीं चाकें नांवाजलेलीं होतीं. आज शेजारीं कळंबोलीस लोखंडाचा मोठा बाजार आहे. २००२ सालीं पूर्ण झालेला द्रुतगतिमार्गही तेथूनच निघतो. साहजिकच रात्रीं या बाजूस मालमोटारींच्या रांगा विसावलेल्या दिसतात.

पौषांतल्या पहाटे या रांगांमधून चालत गेल्यास एखादें इंजिन कण्हतांना ऐकूं येतें. तें क्षणभर गुरगुरतें आणि पुनः गप्प बसतें. "थंडीचा परिणाम, दुसरें काय!" असें चालक म्हणतो. परंतु पनवेलच्या थंडीवर हा आरोप ठेवणें कितपत न्याय्य आहे?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञानें १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनांत ठिणगीची योजना नसते. आंतील हवा सुमारें १६ ते १८ पट दाबली जाते, आणि त्या दाबानें ती इतकी तापते कीं, तींत उडालेले तेलाचे तुषार आपोआप पेट घेतात. अरणींतून अग्नि घर्षणानें निघतो. येथें तो दाबानें निघतो, एवढाच भेद. थंड लोखंड ही उष्णता शोषून घेतें, बॅटरी मंदावते व वंगण दाट होतें. लडाखसारख्या प्रदेशांत तर डिझेलमधील मेण गोठून गाळणी तुंबते. म्हणूनच २०१९ सालीं इंडियन ऑइलनें उणें ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारें हिंवाळी डिझेल तिकडे आणलें. पनवेलचा पारा मात्र शून्याच्या पुष्कळच वर असतो. येथली थंडी बहुधा गाडींतला जुनाच दोष उघडकीस आणते.

म्हणून जाणता मिस्त्री प्रथम कान देतो. स्टार्टर संथ फिरला, तर तो बॅटरी आणि तिच्या टोकांवर सांचलेला पांढरा क्षार पाहतो. स्टार्टर जोमानें फिरूनही धूर मुळींच नसेल, तर इंजिनास तेल पोंचत नाहीं. ढिल्या सांध्यांतून रात्रीं नळींत हवा शिरलेली असते. मग तो हातपंप मारून ‘एअर काढतो’ आणि गाळणींत सांचलेलें पाणी सोडून देतो. पांढरा धूर निघाला, तर तेल पोंचतें पण पेटत नाहीं, अर्थात् उष्णता किंवा दाब उणा आहे, असें तो जाणतो. प्रत्येक प्रयत्नानंतर तो स्टार्टरला विसांवा देतो. नाहीं तर उरलीसुरली बॅटरीही संपते.

उतावीळ मनुष्य मात्र टाकीखालीं चिंध्यांचा जाळ करतो, नाहीं तर इंजिनांत ईथरचा फवारा मारतो. पहिल्यानें माणसें भाजतात, दुसऱ्यानें पिस्टन फुटूं शकतो. भाजीपाला बाजाराच्या वेळेस पोंचविण्याची घाई खरी. पण केबिनमध्यें क्लीनर निजलेला असतो, आणि दोन घरांच्या चुली त्या एका गाडीवर पेटतात.

घाट चढणारी मालमोटार आपल्याच घरांतील कांहीं तरी घेऊन चाललेली असते. पुढच्या खेपेस पनवेलच्या नाक्यावर इंजिनावर वांकलेला मिस्त्री दिसला, तर वाचकांनीं आपल्या मोटारीचा भोंगा क्षणभर आवरावा. तो यंत्राचें गाऱ्हाणें ऐकत असतो.