आधी हवा, मग ब्रेक

मे महिना. नागपुरात पारा 45 अंशांच्या आसपास. आईची व्हीलचेअर उन्हात राहिली की चाकाची लोखंडी कडी हाताला चटका देते, म्हणून ती सावलीतच ठेवतो.

तिचा ब्रेक टायरवर दाबून बसतो. हवा कमी असली की ब्रेक लावूनही चाक सरकतं. म्हणून आधी हवा बघायची, मग ब्रेक. आई उठताना पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडायच्या. त्यांवर भार पडला की खुर्ची पुढे कलंडते. मागच्या मुठींना भाजीची जड पिशवी अडकवायची नाही, नाहीतर चढावर खुर्ची मागे उलटते. पदर चाकात जाऊ नये म्हणून खोचून घ्यायचा. तीव्र उतारावर खुर्ची उलटी फिरवून, मागे बघत सावकाश उतरवायची.

2019 पासून धावणाऱ्या आपल्या मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आहे. पण घरापासून तिथवर फुटपाथ कुठे उंच, कुठे तुटलेला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याला अडथळ्यांविना वावर अपेक्षित आहे. फूटभर उंचीला किमान बारा फूट लांब रॅम्प लागतो. तो दवाखान्यापुढे, दुकानापुढे असायलाच हवा. आईला तिच्या मर्जीनं बाहेर पडता यावं, एवढंच मला हवं आहे.