धूर डोक्यावर की नाकाशी?

उपग्रहाच्या चित्रात वणव्याचा धूर ओळखणं हे या कामातलं त्यातल्या त्यात सोपं पाऊल. निळ्या प्रकाशाच्या पट्ट्यात, म्हणजे ०.४७ मायक्रॉनला, धुराचे बारीक कण ठळक दिसतात, २.२ मायक्रॉनच्या अवरक्त पट्ट्यात तोच धूर जवळपास नाहीसा होतो. पाण्याचे ढग मात्र दोन्हीकडे उजळच राहतात. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की ढग कुठला आणि धूर कुठला, हे बहुतेक वेळा उमगतं. लोकांच्या छातीशी ज्याचा संबंध आहे तो प्रश्न पुढचा आहे: हा धूर जमिनीपासून किती उंच आहे? चित्र वरून टिपलेलं असतं आणि माणूस श्वास घेतो तो खाली. म्हणून माझं ठाम मत आहे की उंचीबद्दल अवाक्षर न काढणारा धुराचा नकाशा सामान्य माणसाच्या हाती देऊ नये.

न्यूयॉर्कचीच दोन उदाहरणं घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनच्या वणव्यांचा धूर अख्खी अमेरिका ओलांडून तिथे पोचला. आकाश दुधाळ झालं, सूर्य फिका पडला, चित्रातही धुराचा पट्टा स्पष्ट होता. पण तो उंचावरून वाहत होता आणि रस्त्यावरची हवा बरी होती. जून २०२३ मध्ये क्वेबेकची जंगलं पेटली. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं होतं आणि त्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या वाऱ्यांनी तो धूर थेट दक्षिणेला, जमिनीलगत ओढून आणला. ७ जूनला शहराचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४०० च्या वर गेला, भरदुपारी आकाश नारिंगी झालं. वरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळी न्यूयॉर्कवर धूरच दिसला. फरक कळला तो वाऱ्याच्या नोंदींमुळे आणि जमिनीवरच्या पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिबारीक कण, मोजणाऱ्या यंत्रांमुळे.

शिवाय चित्र दुसऱ्या बाजूंनीही चकवतं. गोज-१९ सारखा भूस्थिर उपग्रह अमेरिकेचं चित्र दर पाच मिनिटांनी पाठवतो. या चित्रांची मालिका पाहिली तर सकाळी आणि सूर्य मावळताना धूर एकदम वाढल्यासारखा वाटतो. तेव्हा ऊन तिरपं असतं आणि धुराचे कण ते पुढच्या दिशेने जास्त विखुरतात, म्हणून धूर उजळतो. दुपारी तोच विरळ भासतो, जरी कण तेवढेच असले तरी. दुसरा चकवा मला अधिक घातक वाटतो. हवेतल्या कणांचं प्रमाण काढणारी स्वयंचलित पद्धत फार दाट धुराला कधी कधी ढग समजून वगळते, आणि जिथे हवा सगळ्यात वाईट तिथेच नकाशात रिकामी जागा उरते. ती जागा स्वच्छ हवेची समजणारा माणूस किती धोक्यात असेल, याचा विचार नकाशा काढणाऱ्याने करायलाच हवा. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान व महासागर संस्थेत विश्लेषक अजूनही चित्रं डोळ्यांनी पाहून धुराच्या सीमा आखतात, विरळ, मध्यम, दाट अशा. असे चकवे असताना हा जुनाटपणा मुळीच नाही.

कोणी म्हणेल, मग जमिनीवरची यंत्रंच पुरेत, उपग्रह कशाला? यंत्रं शहरांत दाटीने असतात आणि जंगलांच्या पट्ट्यांत शेकडो किलोमीटर एकही नसतं. शिवाय यंत्र धूर आल्यावर बोलतं. तो कुठून निघाला आणि उद्या कुठे पोचेल, हे त्याला ठाऊक नसतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: संगणकीय प्रारूपं आता धुराची उंचीसुद्धा वर्तवतात. वर्तवतात खरी, पण त्यांना आगीची माहिती उपग्रहाकडूनच मिळते आणि ती अपुरी असली की पुढचं गणितही चुकतं. पंजाब-हरियाणात भाताचे खुंट दुपारी उशिरा पेटवले, तर दीडच्या सुमारास वरून जाणाऱ्या ध्रुवीय उपग्रहाला ती आग दिसतच नाही. नकाशावर आगीचे ठिपके कमी, धूर तेवढाच. म्हणून प्रारूप, चित्र आणि यंत्र या तिघांची साक्ष एकत्र तपासावी लागते आणि मतभेद असेल तर तो नकाशावर लिहावा लागतो.

न्यू जर्सीत किंवा टोरोंटोत राहणाऱ्या मराठी वाचकांना उन्हाळ्यात असे नकाशे फोनवर सहज मिळतात. ते जरूर पाहा. पण मुलांना मैदानावर पाठवण्याआधी जवळच्या केंद्राचा पीएम २.५ चा ताजा आकडाही पाहा, आणि निर्णय त्या आकड्यावर घ्या.