घनाच्या वाटेवर चष्मा आणि दुर्बीण

दिल्लीहून भरतपूर सुमारे १८० किलोमीटर. मुंबईहून कोटा, सवाई माधोपूरमार्गे मथुरेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच हे स्थानक आहे, तेव्हा महाराष्ट्रातील प्रवाशालाही ते आडवळणाचे वाटू नये. शहराच्या कडेला पाणथळ जागा, बाभळीची वने आणि गवताळ माळ मिळून जो सुमारे २९ चौरस किलोमीटरांचा प्रदेश आहे, त्याला सरकारी कागदोपत्री केवलादेव राष्ट्रीय उद्यान म्हणतात. गावकरी मात्र नुसते ‘घना’ म्हणतात. केवलादेव हे आतील शिवमंदिराचे नाव, आणि घना म्हणजे दाट झाडी.

येथील पाणी निसर्गाने आपण होऊन साठविलेले नाही. खोलगट जमिनीत अजान बांधाचे पाणी सोडून भरतपूरच्या संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी हा प्रदेश राखला. मंदिराजवळच्या शिलांवर त्या शिकारींच्या नोंदी आजही वाचावयास मिळतात. १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी योजिलेल्या शिकारीत, ४,२७३ पक्षी पडले! त्या शिलांपुढे उभे असता मागच्या पाणथळीतून बदकांचा कलकलाट ऐकू येत असतो. १९८५ साली घनाची गणना जागतिक वारशाच्या स्थळांत झाली. सैबेरियातून येणारे पांढरे क्रौंच मात्र २००२ नंतर येथे दिसलेले नाहीत.

आता येथे येणाऱ्याच्या गळ्यात बंदुकीऐवजी दुर्बीण असते. आणि नाकावर चष्मा असला, तर नेमका तेथेच प्रश्न उभा राहतो.

गेल्या जानेवारीत साताऱ्याहून आलेल्या माझ्या मावशीला घेऊन मी घनात गेलो होतो. मावशी निवृत्त शिक्षिका. अंगणातील बुलबुलांचे घरटे रोज पाहून त्याची टिपणे वहीत लिहिणारी. एका शेजाऱ्यांची दहापट शक्तीची जुनी दुर्बीण तिच्या हाती होती. समोरच्या बाभळींवर चित्रबलाकांची वसाहतच वसली होती, परंतु मावशीला दिसत होते ते काळ्या अंधारातले एक रुपयाएवढे वर्तुळ. तीही धड स्थिर राहीना. दोनचारदा प्रयत्न करून तिने दुर्बीण माझ्या हाती दिली. “तूच पाहा रे. माझ्या डोळ्यांचे दिवस संपले आता.”

हे ती इतक्या सहजपणे म्हणाली की मला त्याचेच वाईट वाटले. रिक्षावाल्याने मागे वळून एकदा तिच्या चष्म्याकडे, एकदा दुर्बिणीकडे पाहिले. घनातील या मंडळींपैकी पुष्कळांना पक्ष्यांची उत्तम जाण असते. त्याने स्वतःची दुर्बीण काढली, डोळ्यांकडील रबरी कडी पिळून आत बसविली आणि म्हणाला, “माताजी, इससे देखिए. चश्मा मत उतारिए.”

मावशी बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “अरे, पिले कशी मळकट राखी आहेत! आणि त्यांच्या आईच्या शेपटीजवळ गुलाबी पिसे आहेत, पाहिलीस का?”

डोळे तेच होते, चष्माही तोच. फरक होता तो एका अंतराचा. दुर्बिणीतून बाहेर पडणारे पूर्ण चित्र डोळ्याजवळच्या भिंगापासून काही ठरावीक मिलिमीटरांवरच दिसते. या अंतराला दुकानदार ‘आय रिलीफ’ म्हणतात. चष्म्याची काच मध्ये आली की डोळा तितका मागे राहतो. दुर्बिणीचे हे अंतर दहाबारा मिलिमीटरच असेल, तर चित्राच्या कडा कापल्या जातात आणि भल्या मोठ्या तळ्याऐवजी तळ्याचे एक भोक तेवढे दिसते. चष्मा लावणाऱ्याने म्हणून निदान १५, आणि काच जाड असल्यास १७-१८ मिलिमीटर अंतर असलेली दुर्बीण पाहावी. परंतु छापील आकड्यावर सर्वस्वी विसंबू नये. ते अंतर भिंगापासून मोजलेले असते, आणि भिंग कड्याच्या आत खोल बसविलेले असले तर त्यातील दोनतीन मिलिमीटर फुकट जातात.

परीक्षा सोपी आहे. डोळ्यांकडील कडी पूर्ण आत दाबावी, चष्मा लावूनच दुकानाबाहेरच्या लांबच्या पाटीकडे पाहावे. चित्राभोवती स्पष्ट, रेखीव गोल कड दिसली पाहिजे. मग चष्मा काढून, कडी बाहेर ओढून पुन्हा पाहावे. दोन्ही वेळी पाटीची तितकीच अक्षरे चित्रात मावली, तर ती दुर्बीण आपली. विक्रेता घाई करू लागला, तर त्या दुकानी न घेतलेली बरी.

चष्मा काढून पाहिले तर काय बिघडले, असे पुष्कळजण विचारतात. दूरचे किंवा जवळचे अंधुक दिसण्याचा साधा दोष दुर्बिणीचे चाक फिरवून बराचसा भरून निघतो, हे खरे. दृष्टिवैषम्य, म्हणजे चष्म्याच्या चिठ्ठीत ‘सिलिंडर’ म्हणून लिहिलेला नंबर, मात्र चाकाने जात नाही. शिवाय पक्षी प्रथम नुसत्या डोळ्यांनी शोधावा लागतो. चष्मा कपाळावर सरकवून दुर्बीण उचलीपर्यंत खंड्या मासा घेऊन निघून गेलेला असतो.

शक्तीचा मोह तर आवरावाच. दहापट दुर्बिणीत हाताचा कंपही दहापट होतो, आणि शक्ती वाढली की बहुधा आय रिलीफ कमी होतो. आठपट पुरे. ८×४२ यातील दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. त्याला आठाने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी निघते, सुमारे सव्वापाच मिलिमीटर. खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये ती अडीचच. घनातील पहाटेच्या धुक्यात हा भेद चांगलाच जाणवतो. वजनाचा विचार वयस्करांनी अवश्य करावा. ८×४२ दुर्बीण साधारण ६०० ते ७०० ग्रॅम भरते, आणि दुपारपर्यंत मान ते सांगू लागते. ८×३२ हलकी पडते. प्रकाश थोडा कमी, पण मावशीने पुढे तीच पसंत केली.

दोन्ही डोळ्यांचा मेळ घालणेही चष्म्यासह व्हावे. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करावे. मग डावा मिटून उजव्या नळीवरील कडे फिरवावे. हे एकदा केले की पुढे केवळ मधले चाक. दुहेरी काचेचा चष्मा असेल तर हनुवटी किंचित खाली ठेवून वरच्या भागातून पाहावे, नाही तर वाचनाची काच आडवी येते आणि दोष दुर्बिणीला लागतो. चष्मा आणि दुर्बीण यांच्या फटीतून बाजूचे ऊन शिरते, त्यावर कडा असलेली टोपी हा स्वस्त उपाय.

घनात जावयाचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत धुके कधीकधी दहा वाजेपर्यंत हटत नाही, तेव्हा पहिला फेरा उशिरा काढला तरी चालतो. मफलर नाकावरून घेऊ नये, श्वासाच्या वाफेने चष्मा आणि दुर्बीण दोन्ही धुरकटतात. काचा पुसण्यास पदर किंवा सदऱ्याची बाही नको, धुळीचे कण भिंगावर चरे पाडतात. आधी फुंकर, मग मऊ सुती फडके. दोन फडकी बरोबर असावीत, कारण एक रिक्षात हमखास राहते.